आधी कुठून, मग कुठे

आमच्या घरातल्या गोष्टी सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. आजोबा बैलगाडीत झोपले आणि बैलांनी त्यांना भलत्याच लग्नाला नेऊन सोडलं, आणि ते तिथं पोटभर जेवून आले — ही मी सांगतो. माझ्याच लग्नात मी हार घेऊन मेव्हणीसमोर जाऊन उभा राहिलो — हीसुद्धा मीच सांगतो, कारण दुसऱ्यानं सांगितली तर फार लागते. भरीत पार्टी असो, बारसं असो, कुणी ना कुणी म्हणतंच — अरे, त्याला सांगू दे, त्याच्या तोंडून मजा येते.

त्यातली एक गोष्ट मी आजपर्यंत खोटी सांगत आलो. खरी कशी आहे ते बायकोलाही ठाऊक नाही. आमच्यापैकी कुणालाच नाही. तुम्हाला सांगतो — तुम्ही आमच्या भरीत पार्टीला येत नाही, म्हणून जमतंय, असंही असेल.

पण आधी थोडं माझ्या धंद्याविषयी सांगायला हवं. त्याशिवाय माझा गुन्हा तुम्हाला गुन्हाच वाटायचा नाही.

मी जळगावात प्रोग्राम लिहितो. आमची आई — तिला सगळी गल्ली अक्का म्हणते, म्हणून आम्हीही — ती पाहुण्यांना माझी ओळख अशी करून देते, “कम्प्युटरसमोर बसेल ऱ्हास. काय करस ते देवले माहीत.” देवाला माहीत असेल की नाही, शंका आहे. पण मी काय करतो ते सांगतो. संगणकात एक काळी खिडकी असते. तिथं चित्रं नाहीत, बटणं नाहीत, रंग नाहीत. तुम्ही एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचा. बस. जे लिहिलं ते होतं. हजार फोटो इकडचे तिकडे जातात, वर्षाचा हिशेब नावानिशी लागतो. ‘खरंच करू का?’ असं ती खिडकी सहसा विचारत नाही. इतकी वर्षं झाली, केस गेले, पोट आलं, पण एंटर दाबताना माझ्या पाठीवरून अजून काहीतरी सरकतं. शब्द म्हटला आणि वस्तू घडली — हे आपण पुराणात ऐकलेलं. मला त्याचा पगार मिळतो.

आणि या खिडकीत चालणारी छोटी छोटी अवजारं मी बनवतो. अवजार बनवणं अवघड नाही. अवघड आहे ते त्याची मूठ बनवणं — म्हणजे वापरणाऱ्यानं काय लिहायचं, कुठल्या क्रमानं लिहायचं, कुठला ऑप्शन दिला की काय होईल. चांगली मूठ कशी असते? अंधारात धरली तरी बरोबर बसते. एका अवजारात शिकलेलं दुसऱ्यात चालतं. माणूस अंदाज करतो आणि तो अंदाज खरा निघतो. विळी, कोयता, खुरपं — धार कुठल्या बाजूला असेल हे आपण बघतो का कधी? नाही बघत. ज्यानं बनवलं त्याच्यावर विश्वास टाकून मोकळे होतो. केवढी मोठी गोष्ट आहे ही! दुसऱ्याच्या हाताला आपण न बघता जपायचं —

असो. मी वळसे घालतोय, कळतंय मला.

माझा थोरला भाऊ नाना. धुळ्यात त्याचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ. शैलावहिनी त्याची बायको, माहेर नरडाण्याचं. माझ्याहून वयानं थोडीशीच मोठी. लग्नसराईत नाना कॅमेरा घेऊन मांडवामांडवात फिरायचा, आणि परत आल्यावर कार्डांतलं चित्रण संगणकात उतरवायचं, कापायचं, जोडायचं, हे सगळं साठून राहायचं. मग वहिनी बसायला लागली. आधी नुसतं बघायला, मग करायला. मी तेव्हा नव्या मुसलमानासारखा — नको, ही म्हण जाऊ द्या — नुकतीच दीक्षा घेतल्यासारखा होतो. नानाच्या संगणकातलं जुनं सगळं काढून मी फुकटातली ऑपरेटिंग सिस्टिम बसवली, काळी खिडकी उघडून दिली आणि म्हणालो, वहिनी, माऊस विसरा.

तिनं पहिल्यांदा ओळ लिहून एंटर दाबला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. कार्डातलं लग्न सरसर संगणकात उतरायला लागलं. ती दोन्ही हात कीबोर्डवरून वर उचलून, जणू भाजतील असे, बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “भाऊजी, हे ऐकतं हो!” आणि लगेच नानाकडे बघून, “यांच्यापेक्षा जास्त ऐकतं.”

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्याच आतलं होतं. तेच सरकणारं काहीतरी. इतक्या वर्षांत ते मी ऑफिसातल्या पोरांच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिलं. त्यांना पगार दिसतो. वहिनीला ते दिसलं होतं.

तिच्यासाठी मी दोन अवजारं बनवली. पहिलं ‘उतरव’. त्याच्यापुढे आधी कार्डाचं नाव लिहायचं, मग संगणकातल्या फोल्डरचं. आधी कुठून, मग कुठे. आपण बोलतोच तसं — जळगावहून धुळ्याला. एसटीची पाटीसुद्धा तसंच सांगते. वहिनीनं ते एकदा ऐकलं आणि पुन्हा विचारलं नाही.

दुसरं ‘जप’. काम झालेलं लग्न दुसऱ्या डिस्कवर जपून ठेवायचं. आणि इथं — इथं माझ्या हुशारीनं डोकं वर काढलं. मी विचार केला, जपायची डिस्क एकच, पण जपायची लग्नं अनेक असतील. मग आधी डिस्कचं नाव घ्यावं, आणि तिच्यामागं हवी तितकी लग्नं लिहीत जावीत. आधी ताट मांडायचं, मग एकेक पदार्थ वाढायचा. काय सुंदर विचार होता! मला तो आंघोळ करताना सुचला होता, आणि मी त्यावर इतका खूश होतो की तसाच ओला बाहेर येऊन लिहायला बसलो. म्हणजे पहिल्या अवजारात आधी कुठून, मग कुठे. दुसऱ्यात आधी कुठे, मग कुठून. एकाच माणसाच्या हातात दोन विळे, आणि धारा उलट्या बाजूंना.

वर आणखी एक शहाणपण. ‘जप’ दोन्हीकडचं तंतोतंत सारखं करायचा. इकडं नसलेलं तिकडं दिसलं तर ते पुसून टाकायचा. विचारायचा नाही. ‘आधी नुसतं दाखव, करू नको’ असा ऑप्शन ठेवायला हवा होता — अर्ध्या तासाचं काम. ठेवला नाही. वापरायची पद्धत सांगणाऱ्या चार ओळी त्यातच लिहायच्या होत्या. लिहिल्या नाहीत. चांगलं अवजार बडबड करत नाही, असं माझं तेव्हा मत होतं. बडबड करायला मी होतोच.

वहिनीचा हात बसत गेला. नानानं ठरवलं की पुढच्या दिवाळीपासून एडिटिंगचं काम वेगळं, तिच्या नावानं, बाहेरच्या स्टुडिओंचंही घ्यायचं. पेंटरला पत्र्याची पाटी सांगितली — निळ्यावर पिवळी अक्षरं, ‘शैला एडिटिंग’. ती तयार होऊन आली, तेव्हा वहिनीनं ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागं उभी केली. दिवाळीपर्यंत कुणाला दाखवायची नाही म्हणाली. मला दाखवली. कारण मी गुरू.

आता ते लग्न.

धुळ्याच्या बाजारातल्या एका धान्य व्यापाऱ्याच्या मुलीचं. मूळचं मारवाडातलं घराणं, चार पिढ्या इथंच. शेठजी असे की दुकानात त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही. ‘या’ सुद्धा मानेनंच म्हणायचे. मुलीच्या पाठवणीच्या वेळी ते मांडवात कुठं दिसेनात. गाडी निघाली, आणि नानाच्या कॅमेऱ्यात आलं की शेठजी गाडीच्या मागं चालतायत. हातात मुलीच्या रोजच्या चपला. पाहुण्यांच्या गर्दीत त्या राहून गेल्या होत्या. गाडी वेग घेईना, कारण पुढं घोडा. शेठजी हाक मारीनात, कारण हाक मारायची सवय नाही. ते नुसते चालतायत — फेटा, शेरवानी, आणि छातीशी धरलेल्या रबरी चपला. बराच वेळ. शेवटी काच खाली झाली, मुलीनं हात बाहेर काढला, आणि ते रस्त्यात उभे राहून रडले.

हे मी पाहिलेलं नाही. वहिनीनं उतरवताना पाहिलं, आणि तिनं सांगितलं. का सांगितलं, ते पुढं येतंच आहे.

दुसऱ्या दिवशी नाना कार्डं पुसून पुढच्या लग्नाला पहूरला गेला. वहिनी एकटी. नवी कोरी डिस्क आणलेली. तिनं मला जळगावला फोन केला. दुपार होती. आम्ही ऑफिसातले सगळे हायवेवर शेवभाजी खायला गेलो होतो, माझ्यासमोर तर्रीनं लाल झालेलं ताट, आणि माझी एक गोष्ट ऐन रंगात आलेली — तीच, मेव्हणीच्या हाराची. वहिनी म्हणाली, “भाऊजी, जप पहिल्यांदाच चालवतेय. यात पण आधी लग्न आणि मग नवी डिस्क, असंच ना?”

आणि मी म्हणालो —

मी म्हणालो, “हो हो वहिनी, उतरवसारखंच. सगळीकडे सारखंच ठेवलंय मी.”

ते वाक्य मी तोंडात घास घेऊन म्हणालो. फोन ठेवला आणि गोष्ट जिथं थांबली होती तिथून पुढं सुरू केली. सगळे हसले. चांगलं हसले.

तिकडं तिनं एंटर दाबला. कोऱ्या डिस्कवर काही नव्हतं. अवजारानं लग्नाचं फोल्डर तंतोतंत तसं केलं. कोरं.

संध्याकाळी पहूरहून नानाचा फोन आला आणि त्यानं नुसतं ‘लग्न गेलं’ म्हटल्याबरोबर मला सगळं कळलं. नंतर नव्हे, चौकशीअंती नव्हे — त्याच क्षणी. माझं स्वतःचं वाक्य मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं, तर्रीच्या वासासकट. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं धुळ्याला निघालो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खिडकीतून बघत होतो आणि मनातल्या मनात म्हणून बघत होतो — नाना, चूक माझी आहे. साधी चार शब्दांची ओळ. एंटर दाबला की झालं.

स्टुडिओत नाना खुर्चीत बसला होता, डोकं धरून. वहिनी उभी होती. मी संगणकासमोर बसलो, वरवर चिकित्सा केल्यासारखं केलं. गेलेलं परत आणायचा प्रयत्नही केला. पण नानानं रात्री येऊन पहूरचं लग्न त्याच जागी उतरवून ठेवलं होतं, जुन्यावर नवं चढलं होतं. हाताला लागलं ते एवढंच — जिलबीची कढई, आणि कुणातरी मामांची पाठ.

मग वहिनी म्हणाली, अगदी हळू, जणू मलाच सावरून घेतेय अशी, “भाऊजी, तुम्हीच म्हणालात ना — उतरवसारखंच?”

नानानं माझ्याकडे पाहिलं.

मी हसलो. हे मला सगळ्यात जास्त छळतं — मी हसलो. म्हणालो, “मी असं कसं म्हणेन वहिनी? मीच बनवलंय ना ते? मला माहीत नाही का, यात उलटं आहे ते? मी म्हटलं होतं, उतरवसारखं करू नका.”

किती सोपं होतं! कुठं अडखळलो नाही. एक शब्द इकडचा तिकडं केला, आणि बघता बघता घडलेलं न घडलेलं झालं. काळ्या खिडकीत होतं, तसंच.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या डोळ्यांत राग शोधत होतो, कारण रागाला माझ्याकडं उत्तर तयार होतं. राग नव्हता. ती आठवत होती. माझ्यासमोर उभी राहून ती आदल्या दुपारचा तो फोन पुन्हा ऐकत होती, आणि मला दिसत होतं — अहो, मला अक्षरशः दिसत होतं — की माझा शब्द तिच्या कानांवर चढत चाललाय. मग ती म्हणाली, “असेल. माझ्याच डोक्यात घोळ झाला असेल.”

मी म्हणालो, होतं असं.

दोन दिवसांनी शेठजींच्या घरची मंडळी आली. शेठजी, त्यांची पत्नी, आणि माहेरपणाला आलेली ती मुलगी. मी तिथंच होतो. नानानं हात जोडून सांगितलं. शेठजी मानेनंच ‘बरं’ म्हणाले. नाना पैसे परत द्यायला लागला, ते त्यांनी घेतले नाहीत. शेठाणी मात्र वहिनीकडं वळल्या, “तूने तो देखा है ना सब? तू बता दे.”

वहिनीनं सांगितलं. उभ्या उभ्या. फेऱ्यांच्या वेळी पदर कुठं होता, वाजंत्र्यांतल्या कुणाचा ढोल बेताल होता, हळदीला मुलीच्या कानामागं हळद कशी राहून गेली होती. आणि मग त्या चपला. तिनं आवाज चढवला नाही, हात हलवले नाहीत. शेठजी दाराकडं तोंड करून उभे होते. मुलगी खाली बघत होती — स्वतःच्या पायांकडं. ते चित्रण नव्हतं, आणि तरी त्या खोलीतल्या प्रत्येकाला ते दिसत होतं. मी घराण्याचा गोष्टीवाला! त्या दिवशी मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. गोष्ट म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. ही बाई घडलेलं सगळं जसंच्या तसं लक्षात ठेवते. तिची आठवण कधी चुकत नाही. आणि आदल्या दोन दिवसांत मी तिला पटवून दिलं होतं की चुकते.

तेव्हा बोलायला हवं होतं. त्याहून चांगली वेळ कुठली? मंडळी चहा न घेता गेली आणि मी चहा घेतला.

वहिनी त्यानंतर संगणकापुढं बसली नाही. कुणी मनाई केली नाही. नानानं दोन-तीनदा म्हटलंही. ती म्हणायची, “नको, माझं लक्ष राहत नाही.” एडिटिंगला एक माणूस ठेवला. पत्र्याची पाटी बरेच दिवस कपाटामागं होती, मग गच्चीवरच्या पाण्याच्या ड्रमवर झाकण म्हणून गेली. अक्षरं खालच्या बाजूला. अजून आहे. ड्रम भरलेला असला की पाण्यात पिवळं काहीतरी दिसतं.

आणि मी काय केलं? मी त्याची गोष्ट केली.

हो. पहिल्याच हिवाळ्यात, जळगावला मळ्यात, भरीत पार्टीला. काट्याकुट्यांवर वांगी भाजत होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी पडत होत्या, सगळे जमलेले. कुणीतरी म्हणालं, काहीतरी नवं सांग. आणि माझ्या तोंडून आलं, “आमच्या वहिनीनं लग्न कसं मोडलं माहितीये? मुलाच्या आत्याला जमलं नाही, मुलीच्या मामाला जमलं नाही. वहिनीनं एका एंटरमध्ये मोडलं!” हशा असा उठला की शेजारच्या मळ्यातलं कुत्रं भुंकायला लागलं. मग मी पुढं वाढवत गेलो. वहिनी एंटर दाबतात, नवरदेव गायब. पुन्हा दाबतात, भटजी गायब. उरले कोण? जिलबी आणि मामा! वहिनी परातीत वांग्यांची सालं काढत होती. तीही हसली. म्हणाली, “सांगा सांगा, भाऊजी, ते मामांचं पुन्हा सांगा.”

ती गोष्ट लोकांना एवढी आवडली की आता लहान पोरंसुद्धा ती मागतात. मी सांगतो. दरवेळी सांगतो. दरवेळी ती हसते.

पण एक गोष्ट मी बघत होतो, जी दुसरं कुणी बघत नव्हतं. एकदा धुळ्याला गेलो असताना वहिनी डाळ एका डब्यातून दुसऱ्या डब्यात ओतत होती. ओतण्याआधी तिनं भरल्या डब्याला बोटं लावली, मग रिकाम्या डब्याला. ओठ हलले. मग ओतलं. मला वाटलं, सहज. मग चहा गाळताना पाहिलं — पातेल्याला बोट, कपाला बोट. पाणी भरताना. पेटीतले कपडे कपाटात लावताना. आधी कुठून, मग कुठे. ज्या बाईला एकदा सांगून पुरायचं, ती आता डाळ ओततानाही स्वतःला विचारून घेत होती.

 मी चहा प्यालो आणि छान झालाय म्हणालो.

तोवर इकडं ऑफिसात माझं नाव झालं होतं. कशानं, सांगू? त्या घटनेनंतर मी एकही अवजार तसलं बनवलं नाही. माझ्या प्रत्येक अवजारात दोन ऑप्शन पूर्ण शब्दांत लिहावेच लागतात — ‘कुठून’ आणि ‘कुठे’. क्रम कसाही चालतो, शब्द लागतातच. एका शब्दाचा अर्थ सगळ्या अवजारांत एकच. नुसतं नाव लिहून एंटर दाबला तर अवजार काही करत नाही; काय काय करता येईल तेवढं सांगतं आणि गप्प बसतं. पुसायचं असेल तर आधी काय पुसलं जाईल ते दाखवतं. ज्या बाजूला काहीच नाही, तिच्यासारखं दुसरीला करायला ते साफ नकार देतं. ठिबक सिंचनाच्या कारखान्यांतले लोक माझी अवजारं न शिकता वापरतात. नवी पोरं म्हणतात, सर, तुमच्या टूलमध्ये अंदाज खरा निघतो. एका कॉलेजात मला यावर बोलायला बोलावलं होतं. शाल दिली. एका मुलीनं विचारलं, सर, हे सगळं तुम्हाला कसं सुचलं?

मी म्हणालो, अनुभवातून.

आता या श्रावणातलं, आणि मग संपलंच.

आमच्याकडं श्रावणात कानबाई देवी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळी भावकी धुळ्याला नानाकडं. देवीच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात — थोरल्यापासून तान्ह्यापर्यंत. अक्काचे हात आता थरथरतात, म्हणून गहू वहिनी काढते. ती कोठीपाशी बसली. कोठीला बोटं लावली. समोरच्या सुपाला बोटं लावली. पहिली मूठ काढली. तिच्याशेजारी धाकट्या चुलतभावाची बायको दळणाचं बघत होती. तिनं पायलीला बोटं लावली, पिशवीला लावली. तिच्यामागं पुतणी तुपाच्या बरणीला, मग वाटीला. मी दारात उभा होतो. खोलीभर बायका, आणि एकेक बोट आधी इथं टेकतंय, मग तिथं. जणू पूजाच ती. कुणी शिकवलेलं नाही. वहिनीचं बघून बघून सगळ्यांच्या हातात उतरलेलं. एका दुपारी तोंडात घास घेऊन बोललेलं माझं एक वाक्य, आणि त्याचं हे एवढं झालं होतं. माझ्या अंगावर काटा आला. भीतीनं की कशानं, मला अजून सांगता येत नाही.

नानाची नवी सून प्रियंका, तिची ही पहिलीच कानबाई. तिनं विचारलं, “अक्का, हे असं आधी हात का लावायचा?”

अक्का ठामपणे म्हणाली, “जुनी पद्धत शे बेटा. आपला घरमा बठ्ठ्या बाया असंच करतस.”

“पण का?”

अक्कानं माझ्याकडे बोट केलं. “तेले इचार. तेले बठ्ठं माहीत शे.”

मला सगळं माहीत! सगळ्या माझ्याकडे वळल्या. वहिनीही. तिचा हात गव्हात होता. ती माझ्याकडे बघत होती, चेहऱ्यावर थोडं कुतूहल, थोडं हसू — मला वाटतं, ती खरंच आठवत होती की हे आपण केव्हापासून करतो.

आणि मी गोष्ट सांगितली. आमच्या पणजीची. दुष्काळाच्या साली पणजीकडं दोन कोठ्या होत्या, एक पेरणीच्या बियाण्याची, एक खायची. एका संध्याकाळी तिनं घाईत बियाणं दळायला काढलं, आणि सासऱ्यांनी तिचा हात धरून आधी कोठीवर ठेवला, मग जात्यावर, आणि म्हणाले, पोरी, धान्याला आधी विचारावं. तेव्हापासून. गोष्ट चांगली झाली. नेमक्या जागी थांबलो, नेमक्या जागी आवाज खाली आणला. प्रियंकानं पदर डोक्यावर घेतला आणि सुपाला हात लावून नमस्कार केला.

असली कुठलीही पणजी नव्हती. म्हणजे पणजी होती, कोठ्या नव्हत्या.

वहिनी थक्क होऊन ऐकत होती. गोष्ट संपल्यावर म्हणाली, “अगंबाई, असं होतं का ते! आणि मला उगीच वाटायचं, ही माझीच सवय आहे. सासूबाईंचं बघून उचललं असेन मी.” आणि स्वतःशीच हसली, मान हलवली. “माझ्या डोक्यात असाच घोळ होतो.”

मग तिनं कोठीला बोटं लावली, सुपाला लावली, आणि माझ्या नावाची सव्वा मूठ काढली.

फोनवर मी ‘उतरवसारखंच’ म्हणालो होतो. ते लग्न मी पुसलं. ती सवय तिची होती, आणि तिला ती माझ्यामुळं लागली. वहिनीला बरोबर आठवत होतं. दोन्ही वेळा.